लाइट गेल्यावरचं नेट

१

२००७ साली तुळिंजला आमच्याकडे रोज दुपारी दोन ते पाच लाइट जायची. वेळ ठरलेली होती, त्यामुळे बिल्डिंगमधल्या बायका दोनच्या आत मिक्सर फिरवून घ्यायच्या, टाकीत पाणी चढवून घ्यायच्या. दोन वाजले की सगळ्या घरांतले पंखे एकदम धिमे होत थांबायचे. पंखे थांबण्याचाही एक आवाज असतो, हे मला त्या वर्षी कळलं.

मी वसईला स्टेशनजवळच्या एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. लाइटच नाही तर शिकवणार काय? दुपारच्या बॅच बंद झाल्या आणि मी अडीचला घरी यायला लागले. माझा नवरा जितेश वालीवच्या एका कारखान्यात सकाळच्या पाळीला जायचा, तो पावणेचारला यायचा. तोवर मी आतल्या खोलीत दार लोटून झोपलेली असायचे. मला पूर्वी दुपारी झोपायची सवय नव्हती. आदल्या श्रावणात आमचं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं आणि तेव्हापासून दुपार झाली की माझे डोळे आपोआप मिटायचे, कुणी हाताने मिटवल्यासारखे. जितेश मला उठवायचा नाही. पाचला पंखा सुरू झाला की मी उठून चहा टाकायचे.

बाळाबद्दल आम्ही बोलत नव्हतो. भांडण नव्हतं. तो विषय कुणी काढायचा हे ठरलं नाही, एवढंच.

कम्प्युटर हॉलमध्ये होता. मी माझ्या पगारातून घेतलेला. जितेशला गेम खेळायला मीच शिकवलं. ओसाड गावातल्या गल्ल्यांतून बंदूक घेऊन फिरायचं, समोरची टोळी दिसली की मारायचं. नेटवरून कुठकुठची माणसं एकत्र येऊन तो खेळायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं मिळून एकच शिपाई चालवायचो. मी त्याच्या डाव्या हाताला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचे. कीबोर्ड माझ्याकडे, म्हणजे चालणं, पळणं, लपणं माझं. माउस त्याच्याकडे, म्हणजे नेम त्याचा. श्रावणानंतर मी स्टुलावर बसणं सोडलं. तो एकटा खेळायला शिकला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो म्हणाला, "क्षितू, नेट फार अडकतंय गं. मी कोपऱ्यावर वळायच्या आधीच मेलेला असतो. मारणारा दिसत पण नाही."

"बघते," मी म्हटलं. घरातली बिघडलेली यंत्रं माझ्याकडे असायची.

२

नेट अडकतं तेव्हा पहिल्यांदा पिंग बघायचा. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की आपला कम्प्युटर पलीकडच्या कम्प्युटरला हाक मारतो आणि त्याचा "ओ" यायला किती वेळ लागला ते आकड्यात सांगतो. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले किती, असा तो आकडा. चाळीस-पन्नास आला तर गेम लोण्यासारखा चालतो. आमचा चारशे येत होता, मध्येच नऊशे, मध्येच ओ यायचाच नाही.

मी जे करायचं ते सगळं केलं. मागे चालणारे फालतू प्रोग्रॅम काढले. व्हायरस शोधला. वायरीचं टोक कापून नवीन जॅक बसवला. आमची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडून भिंतीवरून गच्चीवर जायची. तिथे केबलवाल्याचा लोखंडी डबा होता, त्यातल्या स्विचमध्ये, म्हणजे नेट वाटणाऱ्या पेटीत, सगळ्या बिल्डिंगच्या वायरी. केबलवाला म्हणजे पापडीचे सिप्रियन अंकल. पन्नाशीचे, स्कूटरवरून फिरायचे, खांद्यावर कायम वायरीचं भेंडोळं. त्यांनी येऊन आमची वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली.

"आता बघा मॅडम," ते म्हणाले.

मी पाहिलं. चारशे वीस.

"संध्याकाळी सगळी बिल्डिंग बसते ना नेटवर. तेवढं होणारच," असं म्हणून ते गेले.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी चहा घेताना जितेश भलताच खुशीत होता. कितीतरी महिन्यांनी मी त्याला बिस्किट चहात बुडवून खाताना पाहिलं.

"आज काय पिंग होता माहितीय? एक!"

"एक? कधी?"

"आत्ता दुपारी. माणूस हलायच्या आधी मला कळत होतं तो हलणार."

मला बरं वाटलं. वायर बदलल्याचा उपयोग झाला म्हणायचा. कप विसळताना माझ्या डोक्यात आलं की दुपारी लाइट नव्हती.

आमच्याकडे यूपीएस होता. पण तो पंधरा मिनिटं टिकायचा आणि लाइट गेल्यापासून संपेपर्यंत कोकलायचा, टीं, टीं, टीं. मी आतल्या खोलीत झोपले होते, मध्ये फक्त एक लोटलेलं दार होतं. मला एकही टीं ऐकू आला नव्हता.

गाढ झोप लागली असेल, मी म्हटलं. गच्चीवरच्या डब्याला सिप्रियन अंकलनी बॅटरी लावली असेल. आणि बाकी कुणी नेटवर नसेल तर पिंग खाली येणारच. सगळ्याला कारण होतं. मी कप उपडा घातला.

३

त्यानंतर मला एक गोष्ट दिसायला लागली. सगळं तुळिंज दुपारी लाइट जाते म्हणून शिव्या घालत होतं आणि माझा नवरा लाइट जायची वाट बघत होता.

सुट्टीच्या दिवशी तो पावणेदोनपासून घड्याळाकडे बघायचा. पंखा थांबला की त्याचा चेहरा मोकळा व्हायचा. कामाच्या दिवशी पूर्वी तो येताना स्टेशनबाहेर मित्रांबरोबर उभा राहायचा, ते बंद झालं. मार्चमध्ये एकदा मी त्याला विचारलं, "घरात बसून गेम खेळायला इस्त्रीचा शर्ट कशाला रे?" तो शर्टकडे बघून हसला, नव्या नवऱ्यासारखा.

एका रविवारी खेळाडूंची यादी पडद्यावर उघडी राहिली होती. त्याच्या नावाच्या लगेच खाली "बेला" असं नाव होतं. त्याचा पिंग एक. तिचाही एक. बाकी सगळे दीडशे-दोनशे.

"ही कोण बेला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गंमत करतेय. "तू मला विचारतेस?"

"मग कुणाला विचारू?"

"मस्त खेळते," तो हसू दाबत म्हणाला. "पुरे एवढं?"

ते हसू माझ्या मनाला लागलं. लग्नाआधी तो माझ्याकडे बघून तसं हसायचा. मी आत गेले, तांदूळ धुतले, पाणी चार वेळा बदललं. ज्याचा पिंग एक, तो लांबचा नसतो. पुण्याचा नसतो, बोरिवलीचाही नसतो. तो त्याच डब्याला जोडलेला असतो, फार तर शेजारच्या बिल्डिंगमध्ये. म्हणजे ही बाई आमच्या आवारात होती. मी दुसऱ्या दिवसापासून जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक बाईकडे निरखून बघायला लागले. दुसऱ्या मजल्यावरची नर्स. पलीकडच्या विंगमधली, ओले केस मोकळे सोडून दूध आणायला जाणारी. कोणती असेल? कोणतीही असू शकत होती, आणि प्रत्येकीत माझ्यापेक्षा काहीतरी बरं होतं.

४

आमच्या समोर यमुनाकाकू राहायच्या. खाडीकडच्या गावातल्या, मुलाने फ्लॅट घेतला म्हणून तुळिंजला आलेल्या. लाइट गेली की त्या जिन्यात पाट टाकून हातपंख्याने विंझणवारा घेत बसायच्या. एके दिवशी मी क्लासला निघाले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"काल दुपारी बरं वाटलं बाय मला."

"कशाचं काकू?"

"तुज्या हसन्याचं. किती दिवसांनी हसलीस. मी म्हटलं, पोरगी आली एकदाची मानसात."

मी काल दुपारी झोपले होते.

"कोण हसलं? मी?"

"तुम्ही दोगं. मंग काय, मी हसले?" त्या पंखा हलवत म्हणाल्या.

जिना उतरताना मला नीट उमगलं. तो स्पीकर लावून तिच्याशी बोलत होता. माइक मीच आणून दिला होता, मागच्या दिवाळीला. म्हणजे तिचं हसणं माझ्या हॉलमध्ये ऐकू येत होतं, जिन्यापर्यंत जात होतं, आणि ते माझ्यासारखं होतं. या शेवटच्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला.

त्या दुपारी मी झोपायचं नाही असं ठरवलं. पलंगावर पडून राहिले, उशीच्या अभ्र्यावरची फुलं मोजत. दाराबाहेर कुलूप वाजलं, बूट निघाले, खुर्ची सरकली. मग स्टूल सरकल्यासारखं वाटलं. मला गुंगी येत होती. मी दातांनी ओठ दाबून धरला.

बराच वेळ नुसत्या बटणांचा आवाज. मग जितेश हळू आवाजात बोलायला लागला. आधी खेळातलंच. डावीकडे चल, थांब, वाक. मग खेळातलं नाही.

"मला पण रडायचं होतं गं त्या दिवशी," तो म्हणाला. "हॉस्पिटलच्या मागे सायकली लावतात ना, तिथे जाऊन उभा राहिलो होतो. रडू येईना. नर्सने हाक मारली आणि मी आत आलो. कुणाला सांगितलं नाही हे."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण उत्तर आलं, कारण तो मध्ये थांबला आणि मग म्हणाला, "हो. मुलगीच असणार."

मी उठायला हवं होतं. दार उघडून विचारायला हवं होतं, की माझ्या बाळाबद्दल तू कुणाशी बोलतोयस? जे सात महिन्यांत मला सांगितलं नाहीस ते हिला? माझ्या मुठी वळल्या होत्या. एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते पाच वाजता पंखा फिरायला लागल्याचं. मी झोपले होते. तशा रागात माणसाला झोप लागू शकते यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

५

दुसऱ्या दिवशी मी क्लासमधून लवकर निघाले आणि अडीचच्या आत घरी पोचले. लाइट गेलेली. जितेशला यायला सव्वा तास होता.

पडदे उन्हासाठी ओढलेले होते. मी स्टुलावर बसले, सवयीने, कीबोर्ड पुढ्यात येतो म्हणून. यूपीएसचं बटण दाबलं. तो कोकलायला लागला तेव्हा मला धीर आला. यंत्र यंत्रासारखं वागत होतं. पंधरा मिनिटं होती माझ्याकडे.

आधी मी कम्प्युटरच्या मागून नेटची वायर उपटली आणि मांडीवर घेतली. नवीन जॅक, मीच बसवलेला. मग गेम उघडला. आता यादी रिकामी यायला हवी होती. नेट जोडलेलं नाही असा निरोप यायला हवा होता.

यादीत एकच नाव होतं. बेला. पिंग एक.

मी मनाशी कारणं जुळवली. काही गेममध्ये कम्प्युटर स्वतःच खोटे खेळाडू बनवतो, एकट्याला कंटाळा येऊ नये म्हणून. त्यांना नावंही असतात. तसं असेल. जितेश एका खोट्या बाहुलीशी बोलत असेल, आणि मी एका बाहुलीवर जळत असेन. मला जवळजवळ हसू आलं.

खाली लिहायची जागा होती. मी टाइप केलं, कोण आहेस तू.

एंटरवर बोट ठेवलं होतं, दाबलं नव्हतं. उत्तर आलं.

"तू झोप. तो येईल आता."

यूपीएसचा आवाज थांबलेला होता. कधी थांबला ते कळलं नाही. कम्प्युटरचा पडदा तसाच उजळ होता.

मला वाटतं मी उठले. वाटतं म्हणते, कारण पुढचं आठवतं ते पलंगावरचं. पंखा फिरत होता, पाच वाजले होते, आणि जितेश दारात चहाचे दोन कप घेऊन उभा होता.

"आज मीच केला," तो म्हणाला. "दमलीस ना."

"कशाने दमले?"

तो नुसता हसला.

मी हॉलमध्ये जाऊन पाहिलं. नेटची वायर स्टुलाखाली पडली होती, मी उपटली तिथेच, जॅक वर करून.

"खेळलास आज?" मी विचारलं.

"मग? एक नंबर."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिप्रियन अंकलना फोन केला. म्हटलं, आज चार वाजता या, लाइट नसताना. ते म्हणाले, लाइट नसताना येऊन काय करू? मी म्हटलं, याच.

मी क्लासमधून घरी गेलेच नाही. खाली गेटपाशी, रिकाम्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. पावणेचारला जितेश आत जाताना दिसला. झपझप, दोन-दोन पायऱ्या. मी त्याला हाक मारली नाही. चारला स्कूटर आली. आम्ही गच्चीवर गेलो.

एप्रिल होता, गच्चीवर पाय भाजत होते. सिप्रियन अंकलनी डब्याचं कुलूप काढलं. आत काळा स्विच, त्यावर हिरव्या दिव्यांची ओळ असते. एकही दिवा लागलेला नव्हता.

"बॅटरी?" मी विचारलं.

"बॅटरी-बिटरी काय नाय मॅडम. लाइट गेली की माझा डबा मेला. सगळ्यांचं नेट बंद."

"माझ्या घरी चालू आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल काढून जितेशला लावला आणि फोन दोघांना ऐकू येईल असा धरला.

"नेट चालू आहे का रे?"

पलीकडे बटणं वाजत होती. "हे काय आता नवीन?" जितेश हसत म्हणाला. "बघ की तूच. समोर तर आहे."

"म्हणजे काय?"

"क्षितू, पुरे आता. मरशील मध्येच." त्याने फोन ठेवला.

सिप्रियन अंकलनी आमच्या फ्लॅटची वायर शोधली. तिला चिकटपट्टीवर नंबर लिहिलेला होता. त्यांनी ती स्विचमधून काढली आणि हातात धरून राहिले. मी परत फोन लावला. यावेळी त्याने उचलला आणि न बोलता तसाच बाजूला ठेवला असावा. त्याचं हसणं ऐकू आलं. आणि आणखी एक हसणं.

सिप्रियन अंकलनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग ओशाळल्यासारखं खोकले. "तुमच्या घरी पाहुणे आलेत वाटतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"वायर परत लावू?"

"नको."

ते डबा उघडाच टाकून माझ्या आधी जिना उतरले.

७

यमुनाकाकूंचा पाट जिन्यात रिकामा होता. मी किल्लीने दार उघडलं, आवाज न करता. एवढं मला करायला जमलं याचं मला आश्चर्य वाटतं. भीती होती, पण भीतीच्या वर दुसरं काहीतरी होतं. त्या बाईला मला एकदा बघायचं होतं.

हॉलमध्ये पडदे ओढलेले. उजेड फक्त कम्प्युटरच्या पडद्यावरचा. जितेश पाठमोरा बसला होता. त्याचा उजवा हात माउसवर होता. डावा हात स्टुलावर होता, तळवा वर, बोटं किंचित मिटलेली, कुणाचा तरी हात धरावा तशी.

पडद्यावर शिपाई गल्लीतून चालत होता. वळत होता, लपत होता, पळत होता. मी कीबोर्डकडे पाहिलं. बटणं खाली जात होती. एक, दुसरं, पुन्हा पहिलं. माझी पद्धत आहे, वळताना मी मधलं बोट आधी उचलते. ती बटणं तशीच वर येत होती.

स्टूल रिकामं होतं. कम्प्युटरच्या वर भिंतीत काचेचं शोकेस होतं, लग्नात आलेल्या वस्तूंचं. त्या काचेत पडद्याचा उजेड पडला होता आणि दोन डोकी दिसत होती. एक जितेशचं. दुसऱ्याने केस वर गुंडाळून क्लचर लावला होता, मान उघडी. मी घरी आल्यावर लावते तसा. त्या वेळी माझी वेणी होती. मी हात लावून बघितलं.

"जितेश," मी म्हटलं.

त्याने ऐकलं नाही. मी मोजायला लागले, का ते माहीत नाही. एक, दोन, तीन. सातपर्यंत मोजलं. मग त्याने मान वळवली, आधी डावीकडे, स्टुलाकडे. तिथे काहीतरी ऐकावं तसा तो थांबला. मग मागे, दाराकडे.

माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी तसा भाव आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. तो मला ओळखत होता. तो स्टुलाकडे पुन्हा पाहून तिथेही कुणाला तरी ओळखत होता.

मग तो उठला. खुर्ची मागे पडली. तो माझ्यापर्यंत आला आणि त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. मागे पडदा विझला. जवळजवळ अंधारात आम्ही दोघं उभे होतो आणि आतल्या खोलीचं दार, जे मी सकाळी लोटून गेले होते, हळूच लागल्याचा आवाज आला.

आम्ही जिन्यात जाऊन बसलो, यमुनाकाकूंच्या पाटावर, पाच वाजेपर्यंत. लाइट आल्यावर आत गेलो. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. चादर माझ्या अंगाच्या आकारात चुरगळलेली होती, पण ती तशी रोजच असायची.

८

कम्प्युटर मी क्लासला देऊन टाकला. मे महिन्यात आम्ही तुळिंज सोडलं आणि पापडीला, केळीच्या वाडीला लागून असलेल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. जितेश चांगला वागायचा. मला दुपारी झोप येईनाशी झाली. त्या दिवसाबद्दल आम्ही बोललो नाही. न बोलण्याची आम्हाला सवय होतीच.

मी मात्र आतून धुमसत होते. बाकी सगळं मी कुठल्या ना कुठल्या कारणाखाली ढकलू शकले असते. ऊन, गुंगी, पडद्याचा उजेड. पण सायकलींच्या मागे उभं राहिल्याचं त्याने तिला सांगितलं होतं, मला नाही. याला कारण सापडत नव्हतं.

दीड वर्षाने, एका रविवारी सकाळी, आम्ही गॅलरीत वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. बाजारातून मीच आणल्या होत्या. मी एकदम म्हटलं, "तू तिला आपल्या बाळाबद्दल का सांगितलंस?"

त्याचे हात थांबले. "कुणाला?"

"बेलाला."

त्याने हातातली शेंग ताटात ठेवली.

"क्षितू," तो म्हणाला, "बेला तूच होतीस."

खालच्या वाडीत कुणीतरी पाइपने पाणी सोडत होतं.

"तू झोपेतून उठून यायचीस," तो म्हणाला. "रोज. मी बूट काढेपर्यंत स्टुलावर येऊन बसायचीस. पहिल्यांदा आलीस तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. वाटलं, आली परत. बेला नाव तूच लिहिलंस. मी विचारलं का, तर म्हणालीस, मुलगी असती तर हेच ठेवलं असतं. मग संध्याकाळी तू अशी वागायचीस की काही झालंच नाही. मी म्हटलं, असू दे. तिला दुपारीच बोलता येतं, तर दुपारी."

मी झोपेत चालत असेन. माणसं चालतात. झोपेत बोलतात, चहाही करतात म्हणे. मी या कारणाला धरून ठेवलं असतं, पण मी गच्चीवरून खाली आले होते. माझी वेणी होती.

"आणि मी दारात आले तेव्हा?"

त्याने शेंग सोलली, दाणे ताटात टाकले, साल बाजूला ठेवलं.

"तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता," तो म्हणाला. "आणि तू दारात होतीस."

"मग तू कसं ठरवलंस?"

"काय?"

"उठून माझ्याकडे आलास. कसं ठरवलंस कुठे यायचं ते?"

तो खोटं बोलू शकला असता. मी डोळ्यांनी त्याला तेवढी वाट मोकळी करून दिली होती. तो म्हणू शकला असता, मी तुला ओळखलं. संसाराला तेवढं पुरलं असतं.

"मी नाही ठरवलं," तो म्हणाला. "मी नसतो उठलो, क्षितू. खरं सांगतो. तिनेच हात सोडवून घेतला. म्हणाली, जा, ती फार रागावलीय."

मी शेंगा सोलत राहिले. ताट भरलं तरी सोलत राहिले. तो काहीतरी बोलत होता, माझा खांदा धरत होता, मी मान हलवत होते.

आता आम्हाला दोन मुलं आहेत. जितेश चांगला बाप आहे. पण त्या दुपारी माझा नवरा माझ्याकडे आपणहून आला नाही, त्याला तिने पाठवलं. आणि हे मला अजून सहन होत नाही.